माझ्या ताटातली तिची पोळी

मला जेवताना बोलायची सवय आहे. आमच्या घरात ते उलटं सांगतात, म्हणजे मला बोलताना जेवायची सवय आहे असं. खराडीच्या एका कंपनीत मी हिशेबाच्या खात्यात आहे. कोथरूडहून मेट्रोने रामवाडी, तिथून रिक्षा, आणि मग संध्याकाळपर्यंत आकड्यांच्या रकान्यांशी मूक संवाद. त्यामुळे रात्री टेबलाशी बसलो की दिवसभराचं तुंबलेलं एकदम वाहायला लागतं. माझे विषय फारसे नाहीत. खरं तर एकच आहे, मी केलेले घोळ. हा साठा मला जन्मभर पुरेल एवढा आहे आणि रोज नवी भर पडतेच.

बायकोला सगळे घोळ पाठ होते. ती मधेच म्हणायची, "अहो, भात गार झाला. आणि किस्साही." पण मुलगी ऐकायची. सोळा वर्षांची, अकरावीतली, दिवसभर क्लास आणि कॉलेजमध्ये पिळून निघालेली पोरगी माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसायची आणि म्हणायची, "बाबा, तो स्कूटरचा सांग ना." या वयाची मुलं बापाशी धड बोलत नाहीत असं ऑफिसातले लोक रडायचे. मी आतल्या आत फुगायचो. बाहेरूनही फुगत होतो, पण त्याचं कारण मला बरंच उशिरा कळलं.

स्कूटरचा किस्सा असा. आमच्या सोसायटीत एकाच कंपनीच्या, एकाच राखाडी रंगाच्या दोन म्हाताऱ्या स्कूटर आहेत. एक माझी, दुसरी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांची. दोन्ही इतक्या झिजल्यात की कुठलीही किल्ली कुठेही लागते. एका रविवारी मी भाजी घेऊन परत येतो तर काका खाली घाबरेघुबरे उभे. "अहो, माझी गाडी चोरीला गेली!" मी शेजारधर्माला जागून म्हटलं, "काका, बसा मागे. चौकीत जाऊ." माझ्या जागेवर माझी गाडी उभी होती, आणि मीही एका गाडीवर बसलो होतो. एका माणसाच्या दोन गाड्या कशा, हा प्रश्न त्या घाईत दोघांनाही पडला नाही. चौकीत हवालदाराने नंबर विचारला. काकांनी सांगितला. हवालदाराने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "मग ती बाहेर उभी केलीय ती कुणाची?" आणि मी दोन्ही हात वर करून, छाती काढून सांगितलं, "माझी!"

इथे लोक हसतात. दोन्ही हात वर केले नाहीत तर निम्मेच हसतात, हे मी अनुभवाने शिकलोय.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचं लग्न ठरलं आणि हडपसरला ताईकडे तिचं केळवण झालं. लग्नाआधी नवऱ्या मुलीला घरोघरी जेवायला बोलवायचं, ही पद्धत चांगलीच आहे, पण आमच्या ताईच्या घरी केळवण म्हणजे आग्रहाचा आखाडा असतो. नको म्हणणाऱ्याच्या पानात दुप्पट पडतं. आणि पानात टाकायचं नाही, हा आमच्या वडिलांपासून चालत आलेला नियम. म्हणजे वाढणारा थांबणार नाही आणि जेवणाऱ्याने टाकायचं नाही. यातून सुटायला वाटच नाही. मधल्या मधे पोट फुटलं तर फुटलं.

गंमत म्हणजे त्याच घरात, त्याच पंगतीत, दुसऱ्या तोंडाने वजनं चालू असतात. आम्ही दारात चपला काढतोय तोवर ताई माझ्या मुलीकडे बघून ओरडली, "अगं बाई! किती छान बारीक झालीस! काय केलंस गं? मलाही सांग ना." पाठोपाठ भाची म्हणाली, "मामा, हिला माझ्या शेजारी उभी करू नका फोटोत. मी हत्तीण दिसेन." नववीत हीच मुलगी जरा गुटगुटीत होती तेव्हा हीच ताई तिच्या गालाला चिमटा काढून म्हणायची, "बाबाच्या वळणावर गेलीय." आता सगळ्यांनी तिला मधोमध उभी केली. आणि मी, मुलगी पहिली आल्यासारखा, बाजूला हसत उभा. मुलगी बारीक झाली हे आपलंच कर्तृत्व असल्यासारखं मी ताईला सांगितलंही, "आमच्याकडे तळण बंद आहे." साफ खोटं. आदल्या दिवशीच मी भजी खाल्ली होती.

जेवायला ती माझ्या शेजारी बसली. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. भाचीने फोन उभा धरला आणि म्हणाली, "मामा, तो स्कूटरचा होऊन जाऊ दे. माझ्या सासरच्यांना पाठवायचाय. त्यांना आधीच कल्पना असलेली बरी." मी सांगितला. नेहमीपेक्षा चांगला झाला. हशा ओसरतोय तोवर ताई पुऱ्यांचं ताट घेऊन आली, माझ्या पानात वाकून बघितलं आणि म्हणाली, "अरे, मी तुला दोनच वाढल्या होत्या. तुझ्या पुऱ्यांना पिल्लं होतात का?" पंगत हसली. मीही म्हटलं, "ताई, तुझ्या हाताला बरकत आहे." आणि उरलेल्या संपवल्या. नियम म्हणजे नियम.

भाचीने तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मेट्रोत बसून मी तो बघितला. आपला आवाज आपल्याला आवडत नाही म्हणतात. मला फार आवडतो. म्हणून परत बघितला. आता स्वतःकडे बघून झालं होतं, म्हणून ऐकणाऱ्यांकडे बघू लागलो, कोण कुठे हसतंय ते. आणि मुलीकडे नजर गेली.

ती हसत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती.

काका मागे बसतात तिथे मी डावा हात मागे नेतो. तेवढ्यात तिची एक पुरी माझ्या पानात. हवालदार खिडकीतून बघतो तिथे मी मान वळवतो, आणि तिच्या वाटीतलं श्रीखंड चमच्याने माझ्या वाटीत. आणि मी दोन्ही हात वर करून "माझी!" म्हणतो, सगळी पंगत माना मागे टाकून हसते, कुणाचेच डोळे पानाकडे नाहीत, तेव्हा राहिलेल्या पुऱ्या एकदम. इतकं सफाईदार, की हात कुठे उचललाय असं वाटतच नव्हतं. मग ती सगळ्यांबरोबर हसली. अगदी वेळेवर.

मी तो व्हिडिओ रामवाडी येईपर्यंत बघत होतो. रामवाडी आली तरी उठलो नाही. शेवटचं स्टेशन, सगळे उतरले, मी तसाच बसलेलो. गार्डने येऊन सांगितलं, "काका, गाडी इथेच संपते."

घरी ती रोज म्हणायची, स्कूटरचा सांग. नाहीतर लिफ्टचा. नाहीतर आईच्या साडीला इस्त्री केली तो. माझा एकेक किस्सा तिला पाठ होता, मलाही नसेल इतका. कुठे मी डोळे मिटतो, कुठे पाणी पितो, कुठे आईकडे बघतो. मला वाटायचं, पोरगी बापात रमलीय. ती माझ्यात पोळ्या ठेवत होती. आणि मी महिनोन्महिने तिचं जेवण जेवत होतो, पँटचं बटण लागत नाही म्हणून ऑफिसच्या खुर्चीला दोष देत होतो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वेळा मूर्ख ठरलोय, पण आजवर तो मूर्खपणा माझा स्वतःचा होता. या वेळी मला कुणीतरी मूर्ख बनवलं होतं, आणि तेही सर्वांत प्रेमाने ऐकणाऱ्या माणसाने.

संध्याकाळी मुलगी क्लासला गेल्यावर मी बायकोसमोर फोन ठेवला. नाट्यमय शांतता वगैरे ठेवून म्हटलं, "बघ." तिने बघितलं. आश्चर्य वाटलेलं दिसेना. कोथिंबीर निवडत होती, ती निवडतच राहिली.

"मला माहितीय," ती म्हणाली. "दिवाळीपासून."

"आणि?"

"आणि डॉक्टरबाईंकडे नेलंय तिला. दोनदा. पाळी बंद झालीय तिची, तुम्हाला ठाऊक नसेल. जिने चढताना थांबते. केस गळतात. रक्त तपासून झालं. आता त्यांनी मानसोपचारवाल्यांकडे पाठवलंय, शुक्रवारची वेळ आहे."

मी खाली बसलो. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर केळवणाला दोन किस्से झाले असते."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. पण 'डब्यात कांदा टाकलाय' अशा सुरात म्हणाली. मी म्हटलं, "मी काय मुलीच्या आजारावर विनोद करणारा माणूस आहे?"

"लक्ष्मी रोडच्या दुकानातला किस्सा किती घरी सांगितलात?"

तो किस्सा मला निरुपद्रवी वाटायचा. नववीत असताना तिला ड्रेस घ्यायला गेलो होतो. विक्रेता म्हणाला, हिचं माप मुलींत नाही, वर बायकांच्यात बघा. तिचा चेहरा पडलेला बघून मी त्याला म्हटलं, "मग मला लहान मुलांच्यात काही दाखवा." सगळं दुकान हसलं. मी स्वतःचीच थट्टा केली होती, माझ्या मते. पण किस्सा सांगायचा तर आधी तिचं माप सांगावं लागतं, हे बायकोने आता मला समजावून दिलं. मीही मग गप्प राहिलो नाही. म्हटलं, "आणि तू? लग्नातलं ब्लाउज परत बसायला हवं म्हणून पंधरा वर्षं अर्धी पोळी खातेयस. ती कुणाकडे बघून शिकली?" बायकोने कोथिंबीर बाजूला ठेवली. मग आम्ही भांडलो. मुलगी आली तेव्हा दोघेही टीव्ही बघत होतो. टीव्ही बंद होता.

शुक्रवारी मी मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंसमोर पूर्ण तयारीने गेलो. माझ्याकडे आरोपींची रांग होती. पहिली ताई, मग बायको, मग फोनवरच्या त्या हाडकुळ्या मुली, मग क्लासमधली मैत्रीण जी फक्त काकडी खाते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात जेवताना काय बोलता?"

मी म्हटलं, "माझ्या फजित्या."

"आणि त्या फजित्यांत तुमचं पोट असतं का?"

असतं. विनोदी माणसाला पोट सोडून कसं चालेल?

बाई म्हणाल्या, यात कुणी एक गुन्हेगार शोधू नका, सापडणार नाही. घरात कौतुक कशाचं होतं, थट्टा कशाची होते, राग कोण गिळतं, परीक्षेची भीती, मुलीचा काटेकोर स्वभाव, आणि वयही तसं असतं. असं बरंच काही एकत्र येतं आणि मग मुलीला वाटतं, दुसरं काही माझ्या हातात नाही, निदान हे तरी आहे. थेरं म्हणू नका, हट्ट म्हणू नका. हा आजार आहे, आणि लपवाछपवी आजार करायला लावतो, मुलगी नाही.

मी मान डोलावली. पण मनातून पटलं नाही. आजाराला माझे हात कधी वर जातात हे कसं माहीत?

ठरलं ते असं. वजनाबद्दल घरात एक अक्षर नाही, कौतुकाचंही नाही. प्रत्येक जेवणाला कुणीतरी मोठं माणूस ती संपवेपर्यंत शेजारी. आणि दर रविवारी सकाळी तिचं वजन. ती आकड्याकडे पाठ करून उभी राहणार, आकडा आम्ही फक्त बाईंना कळवायचा. बाईंनी स्पष्टच सांगितलं की नाडी फार मंद आहे, वजन याहून खाली गेलं तर घरी ठेवता येणार नाही, दाखल करावं लागेल. हृदयाला धोका असतो. हे त्या सांगत होत्या तेव्हा मुलगी खिडकीबाहेर बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

मग बाईंनी तिला विचारलं, "वजन कुणी केलेलं चालेल?"

"बाबानं," ती म्हणाली.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी जिंकलो होतो. इतक्या दिवसांच्या गुपितांनंतर मुलीने मला निवडलं होतं. तिने मला का निवडलं असेल, हा विचार करायला स्कूटरएवढंही डोकं लागत नाही. माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

आकडे वर जायला लागले. हळूहळू, पण वर. टेबलावर मी किस्से बंद केले होते, तिच्या ताटाकडे बघत बसायचो. पोळी संपायची. आम्ही तिघं हवामानावर बोलायचो. पुण्यात हिवाळ्यात हवामानावर बोलायला काय असतं? तरी बोलायचो. रविवारी आकडा कळवताना मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. ताईला फोन करून म्हटलं, "माझ्या हाताला गुण आहे." बाईंनी मात्र एकदा विचारलं होतं, चेहऱ्यावर काही फरक दिसतो का? मी म्हटलं, दिसेल हळूहळू.

मग एका रविवारी ती काट्यावर चढायच्या आधी मी टॉवेल आणायला तिच्या खोलीत गेलो आणि आकडा वर कसा जातो ते मला दिसलं. ती युक्ती मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी सोळा वर्षांची मुलगी असेल. एवढंच सांगतो की वजन वाढलेलं नव्हतं, उलट घटलं असणार होतं, आणि मी इतके आठवडे बाईंना कौतुकाने खोटे आकडे पाठवत होतो.

तिने दार लावलं आणि माझा हात धरला. तिचे हात बर्फासारखे गार होते.

"बाबा, प्लीज. आईला सांगू नको."

मी टॉवेल दुसऱ्या हातात घेतला.

"ॲडमिट करतील मला. वर्ष जाईल. सगळ्यांना कळेल. मी खरंच खाईन, उद्यापासून. आजपासून. प्रॉमिस. बघ ना, आईला मी काहीच सांगत नाही. तुलाच सांगतेय. फक्त तुलाच."

हे वाक्य ऐकायला मी काय दिलं नसतं? बायको मला सांगत नव्हती, मुलगी सांगत नव्हती, घरातलं सगळं मला सोडून चालायचं. आणि आता माझ्याकडे एक गुपित होतं, जे बायकोकडे नव्हतं. मी जवळजवळ हो म्हणालो. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ते रडत होते, ते खरंच रडणं होतं. पण ते माझ्या चेहऱ्यावर काय चाललंय तेही बघत होते. अगदी तसेच, जसे त्या व्हिडिओत माझ्या हातांकडे.

मी म्हटलं, "बरं." आणि टॉवेल घेऊन बाहेर आलो.

मग गॅलरीत गेलो. बायको कुंड्यांना पाणी घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. किस्सा न करता, एका वाक्यात, हात खाली ठेवून. तिने नळ बंद केला आणि बाईंना फोन लावला. मुलगी खोलीच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. किंचाळली नाही, काही फेकलं नाही. म्हणाली, "बरं म्हणालास ना?" आणि आत गेली.

दुपारपर्यंत तिला हॉस्पिटलात दाखल केलं होतं. बाईंनी तिचे ठोके मोजले आणि आमच्याकडे न बघता नर्सला सूचना दिल्या, यावरून मला काय समजायचं ते समजलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आज आणलंत ते बरं केलंत." बस्स, एवढंच. मला ते वाक्य कुणाला तरी सांगायचं होतं, पण ऐकायला घरात कुणी उरलं नव्हतं.

ताई भेटायला आली, डबा घेऊन. दारातच मी तिला थांबवलं आणि सांगितलं, "बारीक, जाड, काही बोलायचं नाही." ती म्हणाली, "मग बोलू काय?" प्रामाणिक प्रश्न होता. ती अर्धा तास बसली आणि पंख्यावर बोलली.

मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. मी खोलीत असलो की आईला म्हणायची, "त्यांना सांग, खिडकी लाव." मी खिडकी लावायचो. मला सारखं वाटायचं, हिने मला महिनोन्महिने फसवलं, माझ्या तोंडासमोर, माझ्याच गोष्टीच्या आडून, आणि रुसून मात्र ती बसलीय. मी एकदाच, एका शब्दाने फसवलं. हा हिशेब मी मनात पुनःपुन्हा मांडायचो. खात्यातला माणूस, सवय जात नाही. ती पलंगावर पडल्या पडल्या छताकडे बघायची, मनगटं इतकी बारीक की हॉस्पिटलचा पट्टा कोपरापर्यंत सरकायचा, आणि माझा हिशेब तिथे अडकायचा.

एका संध्याकाळी बायको घरी आंघोळीला गेली होती आणि जेवणाचा ट्रे आला. वरण-भात, दुधीची भाजी, दोन पोळ्या, वाटीत खीर. शेजारी बसायची पाळी माझी. मी खुर्ची ओढली. सवयीने घसा खाकरला.

"गप्प बस," ती म्हणाली. भिंतीकडे बघून, पण मलाच. आईमार्फत नाही.

मी गप्प बसलो. एखादं पूर्ण जेवण मी न बोलता बघितलंय असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. ती एकेक घास अशी खात होती, जसं कुणी शिक्षा भोगतं. घास चावायचा, थांबायचं, डोळे मिटायचे, गिळायचा. मधे एकदा डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. भात गार झाला, खिरीवर साय धरली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, आणि तिच्या पुढ्यातलं ताट ओढून घेऊन तिला सोडवायचंही होतं. दोन्ही केलं नाही. बाहेर भेटायला आलेले लोक येऊन गेले, त्यांच्या चपलांचे आवाज थांबले, तरी आमचं चालूच होतं.

शेवटी तिने ट्रे माझ्याकडे सरकवला. ताट रिकामं, खिरीची वाटी रिकामी.

"झालं," ती म्हणाली.

मी ट्रे उचलला. उचलताना माझा हात आपोआप वाटीकडे गेला. मी वाटी उचलून खाली बघितलं. मग कागदी रुमाल उलगडून बघितला. काही नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती.

"उशीखाली पण बघ," ती म्हणाली.

मी बघितलं.